पंधरा गड्यांची पंधरा कामे



आलापल्लीच्या सागवनात ज्याची सारी नोकरी झाली, त्या शाळामास्तराने रग्बीसारख्या परक्या खेळावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु गडी निवडताना माझ्या हातून झालेली चूक मला या खेळाने दाखविली, म्हणून हा प्रपंच.

मुंबईत १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर ऐन पावसाळ्यात हा खेळ रंगतो. प्रत्येक पक्षात पंधरा गडी. आठ आघाडीचे, सात पिछाडीचे. चेंडू हाताने पुढे फेकावयाचा नाही, हा मुख्य दंडक. लहानशी चूक होऊन खेळ थांबला, की दोन्ही आघाड्या खांदे भिडवून एकमेकींस रेटतात. यास स्क्रम म्हणतात. पहिल्या ओळीत मधला हूकर पायाने चेंडू मागे ओढतो. त्याच्या दोहो बाजूंस १ व ३ क्रमांकांचे प्रॉप, म्हणजे शब्दशः टेकूच! त्यांच्यामागे उंचेपुरे दोन लॉक जोर लावतात. ६ व ७ क्रमांकांचे फ्लँकर स्क्रम सुटताच प्रतिपक्षावर झडप घालतात, आणि आठवा गडी शेवटी राहून चेंडू पायाशी सांभाळतो.

तेथून तो चपळ स्क्रम-हाफ उचलतो व दहाव्या गड्याकडे देतो. लाथाडावा, धावावे की पुढच्याच्या हाती द्यावा, हा निर्णय या दहाव्याचा. दोन सेंटर प्रतिपक्षाची फळी फोडतात, कडेचे दोन विंगर वाऱ्यासारखे धावतात, आणि पंधरावा फुल-बॅक घराचा शेवटचा राखणदार. अभिनेते राहुल बोस १९९८ साली भारताच्या संघातून खेळले. स्क्रम-हाफ व उजवा विंगर या दोन्ही जागा त्यांनी सांभाळल्या आहेत.

तात्पर्य, येथे ठेंगू, उंच, लठ्ठ, सडपातळ अशा सर्वांस जागा आहे. माझ्या वर्गात एक धिप्पाड, मंदगती मुलगा होता. खोखोचा संघ निवडताना तो दरवर्षी विचारी, “गुरुजी, मी कुठे बसू?” मी म्हणे, “पाण्याच्या घागरीपाशी.” मुले हसत, तोही हसे. त्या हसण्याचा अर्थ मला निवृत्तीनंतर उमगला. त्याच्यात उणे काहीच नव्हते. त्याच्या बळास साजेशी जागा शोधण्याचे काम माझे होते, ते मी केले नाही.

आपल्या घरी असे मूल असेल, तर त्यास घागरीपाशी बसवू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.