निवृत्तिवेतनाचा पंक्तिप्रपंच

(कार्यकर्ता शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



१४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा जवळजवळ आठवडाभर तहसील कचेऱ्यांसमोर दुमदुमत होती. त्याच आठवड्यात चहाच्या टपऱ्यांवर चाललेली चर्चा मात्र संपकऱ्यांना सुखावणारी नव्हती. यांना पगार आहे, महागाई भत्ता आहे, आता मरेपर्यंत पेन्शनही हवी. मग आमचे काय, असा तिचा सूर होता. हा सूर मत्सराचा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. समाजवादी कार्यकर्त्याला ते शोभणार नाही. प्रश्न विचारणारा माणूसही श्रमिकच आहे, आणि त्याला अद्याप सरळ उत्तर मिळालेले नाही.

प्रथम कोणाच्या ताटात काय वाढले आहे ते पाहिले पाहिजे. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्या कर्मचाऱ्याला पूर्ण सेवेनंतर अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. त्यावर महागाई भत्ता मिळतो आणि त्याच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्या तारखेनंतर लागलेल्याला, आणि केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्याला (सैन्यदले वगळून), नव्या अंशदायी योजनेत टाकण्यात आले. वर्गणी ठरलेली, पण हाती काय पडेल ते बाजारावर अवलंबून, असे तिचे स्वरूप होते. संप झाला तो या अनिश्चिततेविरुद्ध. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत योजना जाहीर केली आणि महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपये, अशी हमी तिच्यात आहे.

आता पंगतीच्या दुसऱ्या टोकाला वळावे. साखर कारखान्यातील कामगार, सूतगिरणीतील कामगार, सहकारी बँकेतील कारकून, खाजगी कारखान्यातील फिटर हे सारे १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत येतात. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम या योजनेत जाते, पण तीही सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपर्यंतच. म्हणजे कामगाराचा पगार कितीही वाढला, तरी त्याच्या म्हातारपणासाठी या खात्यात साधारणतः महिना १,२५० रुपयेच पडतात. निवृत्तिवेतन काढण्याचे सूत्रही साधे आहे. मर्यादेतील वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तरने भागावे. पस्तीस वर्षे घाम गाळणाऱ्याला १५,००० च्या हिशेबाने ७,५०० रुपये मिळतात, आणि ते या सूत्राचे शिखर आहे. त्यावर महागाई भत्ता नाही. आज ठरलेला आकडा वीस वर्षांनी तोच राहतो. भाकरी मात्र तेवढ्या काळात कित्येक पट महाग होते.

किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले, आणि पुढची दहा वर्षे त्यात एका पैशाची भर पडली नाही. त्याच्या आदल्याच वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीने ते ३,००० करावे अशी शिफारस केली होती. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंग कोश्यारी होते. हेच गृहस्थ पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि साडेतीन वर्षांनी पायउतार झाले, तरी हजाराचा आकडा जागचा हलला नाही.

हा भेद सरकारी विरुद्ध खाजगी असा मांडला जातो, तोही पुरता खरा नाही. एसटीचा वाहक सार्वजनिक महामंडळाचा नोकर आहे, त्याच्या अंगावर खाकी आहे, पण निवृत्तीनंतर त्याचे नाव याच १९९५ च्या योजनेत निघते. एकाच गावातला शिक्षक आणि एकाच गावातला वाहक आयुष्यभर जनतेचीच चाकरी करतात, आणि साठीनंतर एकाला तीस हजार व दुसऱ्याला तीन हजार मिळावेत, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. आणि पंगतीत ज्यांना पानच मांडलेले नाही त्यांची गणती तर वेगळीच. देशातील दहांपैकी जवळजवळ नऊ श्रमिक असंघटित आहेत. शेतमजूर बाई, घरकामगार, बांधकामावरचा बिगारी यांच्यासाठी केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ योजनेतील वाटा आहे दरमहा २०० रुपये, तोही दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयाच्या वृद्धांसाठी. राज्याने आपल्या निराधार व श्रावणबाळ योजनांचे अनुदान २०२३ मध्ये १,५०० केले. माजी खासदारांचे निवृत्तिवेतन २०२५ मध्ये २५ हजारांवरून ३१ हजारांवर गेले, तेव्हा परवडते का हा प्रश्न कोणी विचारल्याचे फारसे ऐकिवात आले नाही.

मग परवडते काय आणि परवडत नाही काय? जुनी योजना फुकट आहे असा भाबडा समज कार्यकर्त्यांनी पसरवू नये. तिच्यासाठी कोणताही निधी साठत नाही. उद्याच्या पेन्शनरांचे पैसे उद्याचे करदाते देतात. राजस्थानने २०२२ मध्ये ती पुन्हा आणली तेव्हा त्या सरकारचा तात्पुरता फायदाच होता, कारण दरमहा भरावी लागणारी वर्गणी वाचत होती आणि खरा बोजा कित्येक वर्षे पुढे होता. आणि करदाता म्हणजे केवळ प्राप्तिकर भरणारा नव्हे. साबण, चपला आणि मोबाईलचे रिचार्ज घेताना कर भरणारी शेतमजूर बाईही त्यात आहे. तिच्या करातून दुसऱ्याचे म्हातारपण सुरक्षित व्हावे आणि तिच्या हाती मात्र अनुदानाचे तुकडे पडावेत, ही तक्रार रास्त आहे. संघटित कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ती ऐकून घेतलीच पाहिजे.

पण तिजोरी रिकामी आहे ही सबब तपासून पाहावी. १९९५ च्या योजनेचे सुमारे ७८ लाख निवृत्त आहेत. त्यांची मागणी किमान ७,५०० रुपयांची आहे. आज त्यांना काहीच मिळत नाही असे धरले आणि प्रत्येकाला पूर्ण रक्कम सरकारनेच दिली, तरी वर्षाला सुमारे ७०,२०० कोटी लागतील. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा बुडणाऱ्या महसुलाचा खुद्द अर्थमंत्र्यांनी सांगितलेला अंदाज वर्षाला १,४५,००० कोटींचा होता. म्हातारपणासाठी पैसा नसतो आणि करसवलतीसाठी असतो, हा अर्थशास्त्राचा नियम नाही; राज्यकर्त्यांची ती निवड आहे.

निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नाही, तो केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले. यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते आणि निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. विशिष्ट तारखेच्या आधी निवृत्त झाला म्हणून पेन्शनराला कमी देता येणार नाही, कारण समानांत असा भेद घटनेला मान्य नाही, हा त्यातला मुद्दा होता. घटनेच्या सरनाम्यातील ‘समाजवादी’ या शब्दाचाही न्यायालयाने तेथे आधार घेतला. हा निकाल सरकारी नोकरांपुरता होता हे खरे. परंतु तारीख जर माणसाला कमी लेखण्याचे कारण होऊ शकत नाही, तर मालकाचे नाव तरी का व्हावे?

मालक एक नसेल तरी मार्ग निघतो हे महाराष्ट्राला शिकवावे लागत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने रोज वेगळ्या पेढीवर ओझी वाहणाऱ्या हमालासाठी मंडळे नेमली, मजुरीबरोबर व्यापाऱ्याकडून लेव्ही वसूल केली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व उपदान उभे केले. हमालांमध्ये आयुष्य घालवलेल्या बाबा आढावांनी अरुणा रॉय यांच्या बरोबरीने सर्व श्रमिकांच्या पेन्शनची मागणी दिल्लीच्या रस्त्यावर नेली, ती याच अनुभवाच्या बळावर.

१७ डिसेंबर हा दिवस सरकारी निवृत्तांच्या संघटना पेन्शनर दिन म्हणून पाळतात. सभा होते, सत्कार होतात, थकबाकीचे ठराव होतात. येत्या १७ डिसेंबरला प्रत्येक तालुक्यातील पक्षशाखेने त्या सभेच्या चालकांकडे जाऊन एवढेच मागावे, की व्यासपीठावर दोन खुर्च्या आणखी मांडा, एक एसटीच्या निवृत्त वाहकासाठी आणि एक निराधार योजनेतल्या म्हातारीसाठी. आणि त्या दोघांच्या मागण्या ठरावात पहिल्या लिहा.