माउस जड का वाटतो?

गेमिंग कॉम्प्युटरची एक तक्रार अशी आहे की ती तोंडाने नीट सांगताच येत नाही. मुलं म्हणतात, "माउस जड झालाय." कुणी म्हणतं, "पाण्यात हात घालून खेळल्यासारखं वाटतं." कुणी नुसतं "लॅग मारतोय" म्हणून मोकळं होतं. कोपऱ्यात एफपीएसचा आकडा दोनशे दाखवतोय, चित्र सुरेख दिसतंय, पण बोट दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंत मध्ये काहीतरी अडकतं. याला इनपुट लॅग म्हणतात. आणि तक्रारीला जोडूनच दुसरं वाक्य येतं: "ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल ना?"

इथे बंगळुरूत टाउन हॉलजवळ एस. पी. रोड आहे, म्हणजे सदर पत्रप्पा रोड. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं तेच. तिथे कार्ड बदलून द्यायला कुणीही तयार असतो. तीस-चाळीस हजार रुपये मोजायचे, घरी यायचं, लावायचं, आणि माउस तितकाच जड. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आज सगळा वेळ यावरच घालवणार आहे. पैसे खर्च करायच्या आधी उशीर मोजायचा कसा, आणि तो कुठे बसलाय हे शोधायचं कसं.

आधी एक गाठ सोडवू. लॅग हा शब्द आपण दोन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरतो. एक इंटरनेटचं, एक घरातलं. ओळखायची खूण सोपी आहे. नेमबाजीच्या गेममध्ये तुम्ही माउस फिरवता तेव्हा तुमची नजर फिरते, ती तुमच्याच मशीनवर. त्यासाठी सर्व्हरला विचारावं लागत नाही. त्यामुळे नुसतं इकडेतिकडे बघतानाच जडपणा वाटत असेल, तर त्यात इंटरनेटचा काही संबंध नाही. प्रॅक्टिस रेंजमध्ये जा, बॉटबरोबर खेळा, तिथेही तसंच वाटतंय का बघा. याउलट भिंतीमागे लपल्यावरही मेलात, शत्रू जागच्या जागी उड्या मारतोय, आपणच दोन पावलं मागे ओढले जातोय, तर ते नेटवर्क.

नेटवर्कचं थोडक्यात सांगतो. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बंगळुरू ते मुंबई सरळ रेषेत साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन-येऊन आठ-नऊ मिलिसेकंद तर निसर्गानेच घेतले. केबल सरळ रेषेत जात नाही, मध्ये राउटर असतात, म्हणून मुंबईच्या सर्व्हरला वीस-तीसचं पिंग दिसणं इथे अगदी ठीक आहे. त्याहून कमी करून देतो म्हणणाऱ्या महिन्याच्या वर्गणीच्या सॉफ्टवेअरकडे जरा संशयाने बघा. पिंग एकदम वीसवरून दीडशेवर उडत असेल, तर आधी स्वतःच्या राउटरला पिंग करा. तिथेच उडतंय? मग दोष खोलीतल्या वाय-फायचा. पीजीत एका राउटरवर पंधरा मोबाईल असतात. लॅनची वायर ओढता आली तर ओढा. विषय संपला.

आता घरातलं दुखणं, ज्यासाठी आपण जमलोय.

माउसचं बटण दाबल्यापासून पडद्यावर ठिणगी दिसेपर्यंत बरीच ठाणी लागतात. साधा ऑफिसचा माउस बहुधा सेकंदाला १२५ वेळा हजेरी देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंग माउस हजार वेळा, म्हणजे दर १ मिलिसेकंदाने. मग विंडोज, मग गेमचं गणित, मग ग्राफिक्स कार्डाची चित्रकला, मग मॉनिटर. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर नवीन चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी, १४४चा असेल तर दर ६.९ने. प्रत्येक ठाण्यावर थोडं थोडं साचतं.

ते किती साचू शकतं याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. 'डूम' आणि 'क्वेक' हे गेम घडवणारा प्रोग्रामर जॉन कारमॅक २०१२ साली म्हणाला होता की एक पिक्सेल पडद्यावर पोचवण्यापेक्षा लवकर मी इंटरनेटवरून युरोपला पॅकेट पाठवू शकतो. लोकांना ती थट्टा वाटली. पण त्याने डोक्यावर घालायच्या एका सोनी डिस्प्लेचा उशीर वेगवान कॅमेऱ्याने चित्रित करून, फ्रेम मोजून काढला होता. अमेरिकेतून युरोप गाठणं खरोखरच लवकर होत होतं. समुद्र ओलांडणं सोपं, मधली शेवटची दोन फूट वायर अवघड!

कारमॅकची ती पद्धत आज तुमच्या खिशात आहे. बऱ्याच मोबाईलमध्ये स्लो मोशन २४० फ्रेमचं असतं. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून असा ठेवा की माउसवरचं बोट आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील. प्रॅक्टिस रेंजमध्ये उभे राहा, दहा गोळ्या झाडा, मध्ये एकेक सेकंद थांबून. दिवसा उजेडात करा. रात्री एलईडी दिव्याखाली स्लो मोशन लुकलुकतं आणि मोजताना डोळे दुखतात. व्हिडिओ कॉम्प्युटरवर घ्या, व्हीएलसीमध्ये उघडून 'ई' ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. बटण तळाला टेकलं ती फ्रेम शून्य. बंदुकीच्या तोंडाशी उजेड दिसेपर्यंत मोजा. दहांची सरासरी काढा आणि वहीत लिहा. वहीत बरं का, डोक्यात नाही. कारण काहीतरी बदललं की "आता बरं वाटतंय" असं मन लगेच सांगतं, आणि मनाला खूश करणं फार सोपं असतं.

एक किस्सा सांगतो. बेळगावचा एक मुलगा, इथे कॉलेजात शिकणारा. वर्षभर पैसे साठवून मशीन जुळवून घेतलेलं. आरटीएक्स ३०६० कार्ड, १४४ हर्ट्झचा २४ इंची मॉनिटर. कॉलेजच्या टीममधून त्याला काढायची चर्चा चालली होती, कारण समोरासमोरच्या प्रत्येक झटापटीत हा मागे पडायचा. "दादा, माझा हातच स्लो आहे बहुतेक," असं म्हणाला, आणि मागोमाग, "बाबा कार्डासाठी पैसे पाठवतायत." मी म्हटलं, "बाबांना आठवडाभर थांबायला सांग."

पहिली मोजणी २५ फ्रेम. म्हणजे १०४ मिलिसेकंद. दिसलेल्या गोष्टीला प्रतिसाद द्यायला तरुण माणसाला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात, त्यावर हे शंभर ओझं. समोरचा खेळाडू तीसवर खेळत असेल तर हा बिचारा हरणारच, हात कितीही चपळ असो.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं आत गेलो. १४४चा मॉनिटर ६० हर्ट्झवर चालू होता. मॉनिटर जोडला की विंडोज अनेकदा ६०च धरते, आणि जुळवणारा माणूस चित्र आलं की निघून जातो. १४४ केलं. परत मोजलं: १५ फ्रेम, ६२ मिलिसेकंद. मग गेममधलं व्ही-सिंक बंद केलं. चित्र फाटू नये म्हणून हे तयार चित्राला मॉनिटरच्या पाळीची वाट बघायला लावतं, आणि वाट बघणारी चित्रं रांगेत साचतात. आता १० फ्रेम, ४२ मिलिसेकंद. मग त्याच गेममधलं एनव्हिडिया रिफ्लेक्स चालू केलं. ७ फ्रेम, २९ मिलिसेकंद. खर्च शून्य रुपये. एका वेळी एकच गोष्ट बदलली म्हणून कुठल्या गोष्टीने किती दिलं हेही वहीत राहिलं. पुढच्या महिन्यात विंडोज अपडेटनंतर रिफ्रेश रेट पुन्हा ६०वर गेला, तेव्हा त्याने मला फोनही केला नाही, स्वतःच दुरुस्त केलं.

रिफ्लेक्स काय करतं हे समजायला बंगळुरूची दर्शिनी बरी पडते. उभ्याने खायची ही हॉटेलं. गल्ल्यावर पैसे देऊन टोकन घ्यायचं, ते डोसा काउंटरवर द्यायचं. गल्ला भराभर टोकन फाडतोय आणि तवा तेवढा भराभर चालत नाही, तर काय होतं? तवा एक क्षणही रिकामा नाही, मिनिटाला भरपूर डोसे निघतायत, मालक खूश. पण तुमच्या पुढे वीस टोकनं आहेत. मिनिटाला किती डोसे, ते एफपीएस. तुमचा डोसा किती वेळाने, तो लॅग. दोन वेगळे आकडे. ग्राफिक्स कार्ड ९९ टक्के कामात बुडालेलं असतं तेव्हा प्रोसेसर पुढच्या चित्रांची टोकनं फाडत राहतो आणि त्या रांगेत तुमचं माउसचं क्लिक शिळं होतं. रिफ्लेक्स गल्ल्याला सांगतं, तवा मोकळा होईल तेव्हाच टोकन फाड. हे २०२० साली आलं आणि जुन्या ९०० मालिकेच्या कार्डांपासून चालतं. एएमडीच्या कार्डांना अँटी-लॅग आहे. गेममध्ये यातलं काहीच नसेल तर एफपीएसवर मर्यादा घाला. कार्ड १६० काढू शकत असेल तर १४०वर बांधा. आकडा कमी दिसेल, हात हलका वाटेल. हे लोकांना पटायला फार जड जातं.

फ्रेम जनरेशनचंही तेच. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक बनवलेलं चित्र घालायचं, तर दुसरं खरं चित्र तयार होईपर्यंत थांबावं लागतं. एफपीएस दुप्पट दिसतो, हाताचा उशीर मात्र कमी होत नाही, वाढतोच. कथेच्या गेममध्ये खुशाल वापरा. स्पर्धेच्या गेममध्ये बंद.

बाकीचे चोर भराभर सांगतो. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही फ्रेमा अडवून ठेवतो, आणि तो उशीर सहज डोळ्यांना जाणवण्याइतका असतो. मॉनिटरची केबल कॅबिनेटच्या मागे कुठे लावली आहे तेही बघा. मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये लावूनही चित्र दिसू शकतं, कारण प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असतं. महागडं कार्ड बाजूला बसून राहतं. केबल खालच्या आडव्या कार्डात गेली पाहिजे.

वायरलेस माउस मधूनच अडखळत असेल तर त्याचा डोंगल बघा. यूएसबी ३ची उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करतात, इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलंय. मागच्या निळ्या पोर्टात हार्डडिस्क आणि शेजारी डोंगल, ही जोडी फोडा. छोटी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर माउसजवळ आणा. एवढ्याने माउस सुधारलेला मी पाहिलाय.

उशीर सतत नसून दर काही सेकंदांनी झटका बसतो, तर ते दुखणंच निराळं. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा. बहुतेकदा वाय-फायचा किंवा आवाजाचा ड्रायव्हर अडकलेला सापडतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलाय ना, आणि पंख्यात धूळ किती, हे बघा.

हल्ली एक नवीनच भीती पसरलीये की घराच्या अर्थिंगमुळे माउस जड होतो. कॅबिनेटला हात लावल्यावर चुणचुणत असेल तर इलेक्ट्रिशियनला आजच बोलवा, पण ते जिवाच्या भीतीने. यूएसबीवरचा संदेश एक तर नीट पोचतो, नाही तर बिघडलाय हे कळून पुन्हा मागवला जातो. रोज सारखाच, गुळगुळीत जडपणा त्यातून येत नाही. तो रांगेतून येतो.

आणि 'पीसी बूस्टर' म्हणून फिरणाऱ्या फाइली चालवू नका. हाताला लागेल ते विंडोजमधून बंद करत जातात. काही जण त्यांच्याबरोबरचे सल्ले ऐकून बायोसमधलं सिक्युअर बूटही बंद करतात. मग विंडोज ११वर व्हॅलोरंट उघडतच नाही, कारण त्याच्या पहारेकऱ्याला सिक्युअर बूट आणि टीपीएम लागतं. लॅग गेला म्हणायचं तर गेलाच, गेमसकट.

एवढं सगळं करून आकडा पन्नासच्या वर राहिला तरच पैशाचं बोला. तेव्हा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर आधी तो बदला, कार्ड नंतर. दुकानात मॉनिटर बघायला जाताना आपला माउस आणि मोबाईल बरोबर न्या. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर दुकानदार दहा गोळ्या झाडू देतो. संध्याकाळच्या गर्दीत नाही देणार, आणि त्यात त्याचं चुकतं असंही नाही.