खोल पाण्यातले ओझे



भाताचे बी गादीवाफ्यात पेरण्याआधी आपण ते मिठाच्या पाण्यात टाकतो. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. हाच न्याय समुद्रातही चालतो. आणि त्याच्याशी आपल्या हवेचा फार जवळचा संबंध आहे.

समुद्रात ऊन पोचते तिथवर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात. आपल्या पिकांप्रमाणेच त्या कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्यातल्या कार्बनाने देह घडवतात. पुढे त्या मरतात किंवा बारीक जीव त्यांना खातात. मेलेले कण आणि विष्ठा चिकटून पुंजके होतात व हिमासारखे खाली झरू लागतात. पण हे पुंजके हलके! वाटेत रेंगाळले की जंतू त्यांचा फडशा पाडतात आणि कार्बन पुन्हा वायू होऊन पाण्यात मिसळतो.

इथे खनिजे उपयोगी पडतात. काही सूक्ष्म जीवांची कवचे चुनखडीची असतात, काहींची काचेच्या जातीची. वाऱ्याबरोबर वाळवंटातली धूळ येते, नद्यांतून माती येते. चुनखडी पाण्याच्या पावणेतीनपट जड. असे ओझे मिळाले की पुंजका दिवसाला शंभर मीटरसुद्धा उतरतो. तरी वरच्या पिकातला शेकडा एकाच्या आसपासच भाग अगदी खोल जातो. मात्र जो गेला, तो शेकडो वर्षे हवेत परतत नाही.

गोव्याची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आणि जर्मनीतले हांबुर्ग विद्यापीठ यांनी १९८६ पासून अरबी समुद्रात नरसाळ्यासारखी पात्रे खोल टांगून हे कण धरले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत आणि ईशान्य वाऱ्यांत, असे वर्षातून दोनदा ते फार वाढतात, असे दिसले. वारे पाणी घुसळतात, खालचे खत वर येते, पीक फोफावते. बंगालच्या उपसागरात नद्यांचा गाळ ओझे पुरवतो. त्यात आपल्या गोदावरीची मातीही असते. म्हणून शेतातली माती वाहू द्यावी असे मात्र नव्हे, बरं का!

ही उतरण थांबली, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड कितीतरी वाढेल. शिवाय आपण जाळलेल्या कोळशा-तेलाचा वायू समुद्रात मुरतो, त्याने पाणी आम्लतेकडे झुकते, आणि चुनखडीची कवचे घडणे पुष्कळ जीवांना जड जाते. म्हणजे धूर आपला आणि ओझे घटणार समुद्राचे!

गुरुजनहो, पेरणीच्या दिवसांत मुलांना मिठाच्या पाण्यातले बी दाखवाल, तेव्हा ही गोष्टही सांगा.