खडू कोणाच्या पैशाचा?

आज कोडिंगला सुट्टी. आज बोलायचंय ते शाळेतल्या शिक्षकांच्या खिशाबद्दल.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट सव्वीस, शिक्षक दोन. मुख्याध्यापकाचा चार्जही तिच्याकडेच. तिच्या मोबाईलवरचे वर्षभराचे युपीआय व्यवहार मी एकदा एक्सेलमध्ये ओतले. (हो, तिला विचारून!) त्यात कार्डशीट, स्केचपेन, फेव्हिकॉल, रंगीत खडू, लॅमिनेशन होतं. झेरॉक्स तर जवळजवळ दर आठवड्याला, कारण चाचणीचे पेपर काढायचे असतात. शिवाय पोषण आहाराचा भाजीपाला आणि गॅस. तांदूळ सरकारकडून येतो. भाजी आणि गॅसचे पैसे आधी तीच भरते, मिळतात नंतर. हा उसना खर्च वगळूनही महिन्याला हजार-बाराशे तिचे जातात.

आता तुम्ही म्हणाल, शाळेला अनुदान असतं की. असतं. समग्र शिक्षा योजनेतून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान येतं. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी. उरलेल्यात वीजबिल, पाणी, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती आणि शैक्षणिक साहित्य, सगळं आलं. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला वेगळे 500 रुपये मिळायचे. रक्कम फुटकळ, पण ती निदान त्याच कामाची होती. आता खडू आणि वीजबिल एकाच पिशवीत, आणि वीजबिल थांबत नाही.

बरं, शाळा उघडते जूनमध्ये. मावशीच्या शाळेचं अनुदान खात्यावर दिसायला कधी दिवाळी उजाडते, कधी जानेवारी. पहिलीच्या पोरांनी तोवर अक्षरओळख कशावर करायची? आणि खर्च दाखवायचा तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हवा, पक्की पावती हवी. गावातला स्टेशनरीवाला पावती म्हणून कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून देतो. मी मावशीला म्हटलं, "तू क्लेम का करत नाहीस?" ती म्हणाली, "चाळीस रुपयांच्या स्केचपेनसाठी ठराव लिहू का मी?"

मी कंपनीच्या कामासाठी टॅक्सी केली तर ॲपवर बिलाचा फोटो टाकतो, आठवड्यात पैसे जमा. त्यामुळे मला हे फारच विचित्र वाटलं. पण आमच्या धंद्यातही असं एक दृश्य असतं: सिस्टीम रोज रात्री कोणीतरी हाताने सावरतं, आणि डॅशबोर्ड सकाळी हिरवागार. मॅनेजर म्हणतो, सगळं छान चाललंय, बजेट वाढवायची गरजच काय? मावशीची शाळा कागदावर 10,000 रुपयांत व्यवस्थित चालते. ती चालते कारण वरचे हजार-बाराशे कुठेच लिहिले जात नाहीत.

अमेरिकेत निदान मोजलं तरी गेलंय. तिथल्या सरकारी पाहणीत 2014-15 साली सार्वजनिक शाळांतल्या 94 टक्के शिक्षकांनी, परत न मिळणारा खर्च स्वतःच्या खिशातून केल्याचं सांगितलं. असा खर्च करणाऱ्यांची सरासरी 479 डॉलर. आयकरात त्यांना त्यासाठी थोडी वजावटही मिळते. प्रश्न सुटलेला नाही, पण आकडा तरी आहे. मावशीला असा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.

एक आक्षेप मला माहितीये, कारण तो माझ्या बाबांनीच घेतला: "सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे, हजार रुपयांचं काय घेऊन बसलास?" मावशीपुरतं ते खरंय. ती स्वतःही तक्रार करत नाही. उलट तिला त्यात आनंद वाटतो, आणि मला तो आनंद तिच्याकडून काढून घ्यायचा नाहीये. पण शाळेत दुसरे सर आहेत ते शिक्षणसेवक. 2023पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना 16,000 रुपये मानधन मिळतं. त्याआधी तर 6,000 होतं. अशी तीन वर्षं काढायची, तेव्हा कायम. सरांची खोली भाड्याची, गाव दोनशे किलोमीटर लांब. आणि कार्डशीटचा भाव मावशीला जो, तोच त्यांना. शेजारच्या वर्गात मॅडमनी भिंती रंगवल्या, तक्ते लावले, म्हटल्यावर पालक सरांच्या भिंतीकडे बघणारच ना? मला खरा पेच इथे दिसतो. एकाचा हौसेचा खर्च शेजारच्या माणसासाठी सक्ती होऊन बसतो.

तर मी दोघांसाठी एक शीट बनवली. तारीख, वस्तू, रक्कम, पैसे कोणाचे. चारच रकाने, मोबाईलवर भरता येतील असे. ही शीट वर्षाअखेरीस व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवायची, मागणी वगैरे काही नाही, नुसती वाचून दाखवायची, असं ठरलं. मावशी नेमाने भरते; जूनपासून सत्तेचाळीस ओळी झाल्यात. सरांनीही पहिले दोन महिने भरली. मग एक दिवस त्यांचा मेसेज आला, "माझ्या ओळी काढून टाकता का? कायम झालो की पुन्हा भरतो."

मी काढल्या.