चांदोलीच्या रानात एक दिवस



मागच्या रविवारी आपल्या वर्गातली चौदा माणसे चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान पाहून आली. ज्यांना कामामुळे येता आले नाही, ती मला रोज विचारतात, "गुरुजी, काय काय पाहिलं?" खरे सांगू का? फार थोडे पाहिले. दिवसभर डोंगरावर ढग होते. तरी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आत्या समोरच बसल्या आहेत. माझे काही चुकले तर त्या मला अडवतील.

उद्यान म्हटले की फुलझाडे आणि पाळणे डोळ्यांपुढे येतात. तसे हे नाही. हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे रान आहे. सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचे. १९८५ साली ते अभयारण्य झाले आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान. राष्ट्रीय उद्यानात झाड तोडायचे नाही, गुरे चारायची नाहीत, शिकार तर नाहीच. माणसाने वस्तीही करायची नाही. आतली गावे उठली ती यामुळेच. आपल्या वसाहतीतली निम्मी घरे तिथलीच आहेत. त्यांना मी हे काय सांगावे!

पहाटे निघालो. भाकरी, खर्डा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. भात कापून शेतात पडलेले, आणि आभाळ भरून आलेले. त्यामुळे निम्म्यांचे लक्ष घराकडेच होते. मणदूरच्या नाक्यावर पोचलो, तर समोरचा डोंगरच दिसेना.

नाक्यावरचा माणूस भला होता. तो म्हणाला, "आज कशाला आलात? वर सगळं धुकं आहे. दहा पावलांवरचं दिसायचं नाही. पैसे फुकट जातील."

पैशाचे नाव काढल्यावर आमच्यात चलबिचल झाली. बायांनी अंडी विकून वर्गणी भरली होती. कोणी म्हणे परत जाऊ, कोणी म्हणे पुन्हा येऊ. तेव्हा आत्या बोलल्या, "मला लांबचं बघायचंच न्हाय. माझ्या गावची वाट मी डोळं झाकून चालंन."

मग कोण परत फिरणार? आम्ही आत गेलो.

बरोबर वाट दाखवणारा एक तरणा पोरगा होता. दाट झाडीत त्याने गाडी थांबवली आणि यंत्र बंद करायला लावले. म्हणाला, "आता ऐका."

टप, टप, टप. चहूकडून थेंब पडत होते. एक जण म्हणाला, "पाऊस आला की!" पोराने झाडीच्या बाहेर हात दाखवला. बाहेर रस्ता नुसता ओलसर होता. पाऊस पडतच नव्हता. पडत होते ते ढगाचे पाणी.

हे कसे होते, ते नीट ऐका. बायांना हे चटकन समजेल. भात शिजताना पातेल्यावर झाकण ठेवतो. वाफ वर जाते, झाकणाला लागते, गार होते आणि तिचे थेंब होतात. समुद्रावरून येणारा वारा असाच ओला असतो. कोकण ओलांडून तो सह्याद्रीला धडकतो. पुढे भिंत, म्हणून वर चढतो. वर हवा गार. मग त्यातल्या वाफेचे बारीक बारीक कण होतात. तोच ढग. तो झाडांतून सरकू लागला की पानापानाला कण चिकटतात, त्यांचा थेंब होतो आणि खाली पडतो. खोडांवर हिरवे मखमलीसारखे शेवाळ होते. मी हाताने दाबले तर बोटे ओली झाली.

पावसाळ्यात याच भिंतीवर वारा आपले पाणी ओततो आणि हलका होऊन पुढे जातो. म्हणून इकडे पाऊस बदाबदा, आणि आपल्याच जिल्ह्यात आटपाडी-जतकडे माणसे आभाळाकडे बघत बसतात. वारणा नदी या डोंगरातच उगवते. चांदोलीचे धरण तिच्यावरच आहे. त्यात सुमारे ३४ अब्ज घनफूट पाणी मावते. पुढे ती सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. आपल्या उसाला पाणी येते ते कुठून, हे त्या टपटपीत बसून मला जेवढे कळले तेवढे पुस्तकातून कळले नव्हते.

जनावरांचे विचाराल तर एकच दिसले. वळणावर, वीस पावलांवर, ढगात काही तरी काळे उभे होते. आधी खडक वाटला. मग खडकाने मान वळवली. गवा! अंगाने दोन बैलांएवढा. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. त्याच्या नाकातली वाफ दिसत होती. कोणी हूं की चूं केले नाही. तो निवांत झाडीत शिरला. तेव्हा मागून आवाज आला, "ह्योच माझा ऊस खातो!" सगळे हसले, पण ज्याचा ऊस गेला, तो काही हसला नाही.

वाघाचेही कोणी तरी विचारलेच. २०१० साली हे रान आणि कोयनेचे रान मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आहे. पण वाघ काही कोणाला नमस्कार करायला रस्त्यावर येत नाही.

पुढे झोळंबीचा सडा लागला. वर सपाट कातळ आणि गवत. इथून खाली धरणाचे पाणी दिसते म्हणतात. आम्हाला पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसले नाही. तिथेच भाकरी खाल्ली. वारा इतका गार होता की बायांनी पदर कानाभोवती घट्ट गुंडाळले.

परत येताना एका फाट्यावर आत्यांनी गाडी थांबवली. तिथे एक जुनी पाटी होती. आत गाडी नेता येत नव्हती आणि पायी जायला परवानगी नव्हती. आत्या खाली उतरल्या. पाटीजवळ गेल्या. एकेक अक्षर जोडून त्यांनी नाव वाचले. मधले एक अक्षर पावसाने उडाले होते, ते त्यांनी मनाने घातले. त्यांच्या गावाचे नाव.

"हितं मी तीस वर्सं नांदले," त्या म्हणाल्या. "तवा ही पाटी असती तरी मला कळली नसती." मग मला विचारले, "गुरुजी, ते मधलं अक्षर कसं काढायचं?" मी गाडीच्या ओल्या काचेवर बोटाने काढून दाखवले. त्यांनी खाली पुन्हा काढले.

वाट दाखवणारा पोरगा समजुतीने म्हणाला, "आजी, रान राहिलं म्हणून धरणात माती येत नाही. खालच्यांना पाणी मिळतं."

आत्या म्हणाल्या, "आमी व्हतो तवाबी रान व्हतंच की, बाबा. देवाच्या राईतली काटकी आमी उचलत नव्हतो."

पोरगा गप्प झाला. मीही गप्प झालो. दोघांचेही खरे होते. आत्यांना बाहेर जमीन मिळायला किती वर्षे लागली, ते तुम्हाला ठाऊक आहे. रान वाचले, हे चांगलेच झाले. पण त्याची किंमत सगळ्यांनी सारखी भरली नाही, हे मी तरी विसरणार नाही.

आत्यांनी तिथेच दोन हात जोडले आणि ढगाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. देऊळ कोणत्या अंगाला आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

संध्याकाळी खाली उतरलो तर इकडे ऊन पडले होते. गाडी थांबते न थांबते तोच बाया भात पसरायला पळाल्या.

आता पुढचे. आत्या म्हणतात, माघात आभाळ मोकळे असते, तेव्हा पुन्हा जाऊ. पावसाळ्यात उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवा. गरम कपडे घ्या. प्लास्टिकची पिशवी आत टाकायची नाही. ज्यांना यायचे आहे त्यांनी वर्गाच्या वहीत नाव लिहावे. मी लिहून देणार नाही. पहिले नाव आत्यांनी लिहिले आहे, आणि शेजारी गावाचे.