अक्षर बदलताना रुग्णाचे नाव हरवू नये
(कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातील पाड्यांवरून नाशिकला येणाऱ्या रुग्णाजवळ पुष्कळदा जुना केसपेपर नसतो. अशा वेळी संगणकातील नावावरूनच पूर्वीची नोंद शोधावी लागते. ते नावच वाचता आले नाही, तर शस्त्रक्रियेची तारीख आणि औषधाच्या ॲलर्जीची नोंद असूनही नसल्यासारखीच.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टनी मराठी कार्यालयांची मोठी सेवा केली. परंतु या पद्धतीत चौकटीमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे. फॉन्ट त्यांना केवळ देवनागरीचा वेश देतो. एक्सेलमधील मॅक्रोने सर्व पानाचा फॉन्ट एका आदेशात ‘मंगल’ केला, की तो वेश उतरतो आणि निरर्थक चिन्हे उरतात. शिवाय मराठी मजकूर कोणता व औषधांची इंग्रजी नावे कोणती, हे सांगणारी फॉन्टची खूणही पुसली जाते. मॅक्रोने केलेला बदल ‘अनडू’ने मागे घेता येत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

1991 साली आलेल्या युनिकोडने देवनागरी अक्षरांना स्वतंत्र सांकेतांक दिले. म्हणून फॉन्ट बदलण्यापूर्वी मजकुराचे रूपांतर करणे अगत्याचे आहे. ‘शिर्के’ हे आडनाव पाहा. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी आणि रफार ‘क’च्या नंतर साठतो, युनिकोडमध्ये वेलांटी ‘श’च्या नंतर आणि ‘र्’ हा ‘क’च्या आधी येतो. केवळ चिन्हास चिन्ह बदलणारा मॅक्रो येथे चुकतो.

यासाठी काही पथ्ये पाळावीत. प्रथम मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी. मॅक्रोने प्रत्येक चौकटीचा फॉन्ट तपासावा, जुना फॉन्ट असेल तेथेच रूपांतर करावे आणि मगच नवा फॉन्ट लावावा. एकाच चौकटीत दोन फॉन्ट असतील, तर मॅक्रोला फॉन्टचे एक नाव मिळत नाही. अशा चौकटी रंगवून ठेवाव्यात व माणसाने तपासाव्यात. शेवटी काही नोंदी नोंदणी क्रमांकानुसार मूळ केसपेपरशी ताडून पाहाव्यात.

यंत्र हजार नावे क्षणात बदलते. चूकही तितक्याच वेगाने करते. त्या प्रत्येक नावामागे आपल्या भरवशावर आलेला एक रुग्ण आहे, एवढे स्मरण ठेवावे, ही विनंती करून मी माझे भाषण संपवतो.