खेळाचा नियम आणि खेळाचा तोल



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात श्रावणात झड लागली, वावरातली कामे थांबली, की ओसरीवर खडूने पंचवीस घरांचा पट आखला जातो. मधोमध फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार फाका आणि प्रत्येकी चार सोंगट्या, एवढ्या भांडवलावर अष्टाचंगा सुरू होतो. घटकाभरात भांडणही सुरू होते. "चंग-अष्टा पडल्याशिवाय सोंगटी बसत नाही!" "नाही बाप्पा, आमच्या गावात असं नाही राहत!" आपण आतून ओरडतो, "पुसा तो पट!" माझे म्हणणे असे की पट पुसू नये. ते भांडण जरा ऐकावे.

चार फाका टाकल्या म्हणजे त्या सोळा तऱ्हांनी पडू शकतात. त्यांपैकी सहा तऱ्हांनी दोन पडतात, चार तऱ्हांनी एक आणि चार तऱ्हांनी तीन. चारही पांढऱ्या वर आल्या तर चंग, चारही पालथ्या तर अष्टा. ही दाने एकेकाच तऱ्हेने पडतात. म्हणून त्यांना पुन्हा खेळण्याचा मान. दुर्मिळ दानाला मोठी ताकद, हा झाला तोल. हाच मान 'दोन'ला देऊन पाहा. एकटाच खेळत राहील आणि बाकीचे जांभया देतील.

आता त्या भांडणाकडे वळू. चंग-अष्टा पडल्याशिवाय सोंगटी बसू नये, असे ठरवले तर आठदा फाका टाकूनही साधारण तीन पोरांतल्या एकाची सोंगटी बाहेरच राहते. बहुधा तेच पोर उठून जाते. त्याला आपण रडका म्हणतो. दोष मात्र नियमाचा असतो. पहिली सोंगटी आधीच बसवून द्यावी, बाकीच्यांना नियम लावावा. पोर टिकते आणि खेळही टिकतो.

हा वाद आपल्याच ओसरीवरचा नाही. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे कुणी योद्धा, कुणी मांत्रिक होतात. मंत्राची ताकद मोठी, म्हणून तिला किंमत लावली: पाठ केलेला मंत्र एकदा म्हटला की संपला, विसावा घेऊन पुन्हा पाठ करायचा. सुरुवातीचा मांत्रिक दुबळा असतो. पण वरच्या पायरीला पोचला की सगळी कामे तोच उरकतो आणि योद्धा झालेला गडी बसून राहतो. हा नियम बदलावा की नाही, यावर तिकडे अनेक वर्षे वाद चालला. बसून राहिलेला तो योद्धा आणि आपल्या ओसरीवरून उठून गेलेले पोर, दोघांचे दुखणे एकच.

गुरुजी, एक तास या कामी द्या. मुलांना फाका 160 वेळा टाकू द्या, दाने फळ्यावर मांडू द्या आणि मग विचारा: कोणत्या दानाला कोणता मान द्यावा? मात्र एक पथ्य पाळायला लावा. नियम डाव मांडण्याआधी ठरावा. डाव हरत आला म्हणून मध्येच बदलू नये, मग हरणारा पाटलाचा मुलगा का असेना. बदलायचाच तर पुढच्या डावापासून, आणि सगळ्यांसाठी.

ही सवय ओसरीवर लागली, तर उद्या ग्रामसभेत ती शिकवावी लागणार नाही.